सबवूफरची पेटी किती लिटरची?

पेटीचं माप वूफरच्या इंचांवरून ठरवू नका. एकाच 12 इंची मापाच्या दोन वूफरना अगदी वेगवेगळ्या पेट्या लागू शकतात. डेटाशीटमधले व्हीएएस (वूफरच्या पडद्याच्या आधाराइतकीच लवचिक असलेली हवा, लिटरमध्ये) आणि क्यूटीएस (वूफरची कंपनं किती आवरली जातात याचा आकडा) हे आकडे आधी बघा. बंद पेटीसाठी हिशोब सोपा आहे: 0.707 ला क्यूटीएसने भागा, उत्तराचा वर्ग करा, त्यातून 1 वजा करा आणि येईल त्याने व्हीएएसला भागा. व्हीएएस 60 लिटर, क्यूटीएस 0.45 असेल तर साधारण 41 लिटर.

हे लिटर आतले, निव्वळ. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. बाहेरून 40 सेंटिमीटरची चौकोनी पेटी 64 लिटरची वाटते, पण 18 मिलिमीटरच्या एमडीएफमध्ये (लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीत) बनवली की आत जेमतेम 48 उरतात. त्यातून वूफरचं मॅग्नेट, आतले आधार आणि असल्यास पोर्ट (हवा ये-जा करणारी नळी) यांनी व्यापलेली जागाही वजा करायची.

पेटी लहान झाली तर बेस घुमतो आणि खालचे सूर लवकर गळतात. थोडीच कमी पडत असेल तर आत पॉलिस्टरचा कापूस सैलसर भरा, बराच फरक पडतो. पोर्टवाल्या पेटीत मात्र अशी तडजोड नको. तिथे कंपनीने दिलेलं माप आणि ट्यूनिंग (पोर्ट ज्या फ्रिक्वेन्सीला जुळवायचा ती) तंतोतंत पाळा.