नजर कमी झाली, आता कुणाकडे काय मागायचं?

माझी मधली नजर गेली आहे, कडेची शिल्लक आहे. स्टारगार्ट नावाचा पडद्याचा आजार. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा मला दिसत नाही, पण त्याने पायाशी ठेवलेली पिशवी दिसते. नव्याने नजर गमावलेल्यांना फोन आणि कॉम्प्युटर शिकवणं हे माझं काम. आलेला माणूस बसतो न बसतो तोच विचारतो, "कुठलं यंत्र घेऊ?" मी म्हणते, यंत्राचं नंतर बघू. अलीकडे तुम्ही कुठली कामं सोडून दिलीत, ते आधी सांगा.

ही यादी घरीच करा, कुणाला तरी लिहून घ्यायला सांगा किंवा फोनवर बोलून ठेवा. "वाचायला त्रास होतो" असं मोघम नको. "गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव वाचता येत नाही", "अंधार पडला की जिना उतरायची धास्ती वाटते", "फोन कुणाचा आलाय ते कळत नाही" असं नेमकं हवं. कारण यातल्या प्रत्येक कामासाठी माणूस वेगळा. गोळ्यांचं काम भिंगाने किंवा बोलणाऱ्या लेबलाने सुटेल, जिन्यासाठी उजेड आणि चालण्याचं प्रशिक्षण लागेल आणि फोनसाठी माझ्यासारखं कुणीतरी. आजाराचं नाव घेऊन गेलात तर सल्ला मिळतो. काम घेऊन गेलात तर काम होतं, असा माझा अनुभव आहे.

डॉक्टरांकडून काय मागायचं

"आता करण्यासारखं काही नाही" हे वाक्य ऐकून पुष्कळजण घरी बसतात. डॉक्टरांना म्हणायचं असतं की आता औषधाने किंवा शस्त्रक्रियेने नजर परत येणार नाही. उरलेल्या नजरेचं काय करायचं, हा प्रश्न तिथे कुणी विचारलेलाच नसतो. तो तुम्ही विचारा: "लो व्हिजन तपासणीसाठी मला कुणाकडे पाठवाल?" ही तपासणी चष्म्याच्या नंबरापेक्षा वेगळी असते आणि तिला वेळही जास्त लागतो. फिक्या रंगातला फरक कितपत कळतो, नजरेचा घेर किती उरला आहे, पडद्याचा कुठला भाग अजून चांगला आहे, हे सगळं त्यात पाहतात. जाताना ती यादी, सध्याचे सगळे चष्मे आणि वाचता न येणारी एक खरी वस्तू न्या. तक्त्यावरची अक्षरं वाचणं निराळं, पाकिटावरची निराळी.

निघताना लेखी कागद मागा: निदान, चष्मा लावून दोन्ही डोळ्यांची नजर आणि नजरेचा घेर. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत चांगल्या डोळ्याची नजर 6/18 पेक्षा कमी असली की मध्यम दृष्टिदोष, 6/60 पेक्षा कमी असली की तीव्र आणि 3/60 पेक्षा कमी असली की अंधत्व धरतात. 3/60 म्हणजे इतरांना 60 मीटरवरून जे दिसतं ते तुम्हाला 3 मीटरवरून दिसतं. प्रमाणपत्राच्या अटी प्रत्येक देशाच्या आपापल्या असतात, पण आकडे मागतात ते हेच. प्रवासातली सवलत, परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक, सुलभ (ऐकायची, ब्रेलमधली किंवा मोठ्या अक्षरांतली) पुस्तकं देणाऱ्या ग्रंथालयाचं सभासदत्व असं बरंच काही त्या कागदावर अवलंबून असतं. "मला तर अजून थोडं दिसतं" म्हणून अर्ज लांबवू नका. अंध म्हणून नोंद झालेल्या कित्येकांना उजेड आणि आकार दिसत असतात.

आणि हो, पुनर्वसन सुरू झालं म्हणून उपचार सोडायचे नाहीत. काचबिंदूचे थेंब राहिलेली नजर राखण्यासाठी असतात. ते चालूच ठेवायचे.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांनी विचारली नाही तरी तुम्ही सांगा. नजर बरीच कमी झाल्यावर काहींना नसलेल्या गोष्टी दिसू लागतात: भिंतीवर जाळीदार नक्षी, अनोळखी चेहरे, छोटी छोटी माणसं. आवाज नसतो, नुसतं दृश्य. डोळ्यांकडून पुरेशी माहिती येईनाशी झाली की मेंदू स्वतःच चित्रं उभी करतो. याला चार्ल्स बॉने सिंड्रोम म्हणतात. या स्विस निसर्गतज्ज्ञाने मोतीबिंदूने नजर गेलेल्या आपल्या आजोबांचा असा अनुभव 1760 मध्ये लिहून ठेवला होता. वेड लागलं असं लोक समजतील या भीतीने माणसं हे घरातसुद्धा बोलत नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या एक आजी शिकवणी संपल्यावर, लेक बाहेर गेल्याची खात्री करून, हळूच म्हणाल्या, "बाई, मला मुलं दिसतात हो. रांगेने उभी." हे होतं, याला नाव आहे आणि हे वेड नाही, इतकं कळल्यावरच त्यांचा निम्मा घोर गेला. दृश्य दिसू लागलं की दिवा लावणं, नजर झपझप डावी-उजवीकडे फिरवणं, उठून दुसऱ्या खोलीत जाणं याने पुष्कळांना फरक पडतो. पण आवाजही येत असतील, किंवा दिसतंय ते खरंच आहे असं वाटत असेल, तर कारण वेगळं असू शकतं. मग डॉक्टरांकडे जायलाच हवं.

उरलेली नजर वापरणं

मधली नजर गेलेल्यांनी कडेने पाहायला शिकायचं असतं. सोपा प्रयोग आहे. समोर एका मोठ्या घड्याळाची तबकडी आहे आणि जे पाहायचं ते तिच्या मध्यावर आहे, असं समजा. मग डोळे बाराकडे न्या, तीनकडे, सहाकडे, नऊकडे. कुठे नेल्यावर मधली वस्तू जास्तीत जास्त स्पष्ट होते ती तुमची जागा. मी बाराकडे पाहते. समोरच्याला वाटतं, ही माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघतेय. वाटू दे. ही सवय पक्की व्हायला सराव लागतो आणि लो व्हिजन तज्ज्ञ तो करून घेतात.

भिंग घेताना "सगळ्यात मोठं द्या" म्हणू नका. भिंगाची ताकद वाढते तशी ते धरायची जागा कागदाच्या जवळ येते आणि एका वेळी दिसणारी अक्षरं कमी होतात. 20 डायॉप्टरचं (हे भिंगाच्या ताकदीचं माप) भिंग कागदापासून 5 सेंटिमीटरवर धरावं लागतं; त्याच्या पुढे-मागे गेलं की अक्षरं पुसट. भिंग डोळ्याजवळ आणलं की त्यातून दिसणारा भाग वाढतो, म्हणून कागद हलवा आणि भिंग स्थिर ठेवा. हात थरथरत असेल तर कागदावर टेकवायचं, पायांचं भिंग मागा. नजरेचा घेर आकसलेला असेल, जसा काचबिंदूत किंवा रेटिनायटिस पिगमेंटोसा या पडद्याच्या आजारात होतो, तर जास्त मोठं केलेलं अक्षर त्या घेरात मावतच नाही. तिथे उजेड आणि ठळकपणा वाढवण्याने जास्त काम होतं. पक्षाघातानंतर एका बाजूचं दिसेनासं झालं असेल तर भिंगाचा उपयोग कमी. त्या बाजूला नजर वळवायची पद्धत शिकवतात, ती शिका.

उजेडाला लोक फार कमी लेखतात. छतावरचा दिवा बदलत बसण्यापेक्षा मान वळणारा टेबललॅम्प पानाजवळ आणा. अंतर निम्मं केलं की पानावर पडणारा प्रकाश साधारण चौपट होतो. दिवा बाजूने ठेवा आणि त्याचा झोत डोळ्यांत जाऊ देऊ नका. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला विरुद्ध रंगाची पट्टी चिकटवा. शेगडीच्या आणि वॉशिंग मशीनच्या बटणांवर फुगीर ठिपके लावा, पण नेहमी लागणाऱ्या एक-दोन जागीच. सगळीकडे लावले की बोटाला काहीच कळत नाही.

महागडी यंत्रं दाखवायला लोक घरी येतात, चष्म्याला लावायचा कॅमेरा वगैरे. चांगलं असतं त्यातलं काही. तरी यादीतलं एक काम त्यांच्यासमोर स्वतः करून पाहिल्याशिवाय आणि काही दिवस वापरायला मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. नजर परत आणायची हमी देणाऱ्याला तर दारातूनच वाटेला लावा.

फोन: इथे मी जरा रेंगाळणार

तुमच्या खिशातल्या फोनमध्ये स्क्रीन रीडर आधीच आहे. आयफोनवर व्हॉइसओव्हर 2009 पासून आहे. अँड्रॉइडवर त्याचं नाव टॉकबॅक. पडद्यावर बोट टेकवलं की खाली काय आहे ते बोलतं, दोनदा टिचकी मारली की ते उघडतं आणि उजवीकडे बोट झटकलं की पुढच्या गोष्टीवर जातं.

शिकवताना मी सुरुवात उलटीकडून करते: आधी हे बंद कसं करायचं. घाबरायला होतं ते फोन बोलत सुटतो आणि थांबत नाही म्हणून. दोन बोटं एकदा टेकवली की बोलणं थांबतं. अँड्रॉइडवर आवाजाची दोन्ही बटणं तीनेक सेकंद दाबून धरली की टॉकबॅक चालू-बंद होतं, आयफोनवर बाजूचं बटण तीनदा दाबून व्हॉइसओव्हर. हे शॉर्टकट सेटिंगमध्ये आधी चालू करून घ्यावे लागतात. दुसरी गोष्ट शिकवते ती फोन उचलण्याची: वाजत असताना दोन बोटांनी दोनदा टिचकी, आणि ठेवायलाही तीच. एवढं जमलं की माणूस पहिल्यांदा खुर्चीत सैलावून बसतो. मेसेज, बँक, बाकीचं सगळं त्यानंतर.

घरच्या तरुण मंडळींना विनंती: नजर कमी झालेल्यांच्या हातातून फोन काढून घेऊन "थांबा, मीच करून देतो" म्हणू नका. बोट त्यांचंच फिरू दे. बोलण्याचा वेग सुरुवातीला कमी ठेवा. कान सरावले की ते स्वतःच वाढवतात. गूगलच्या आवाजात मराठीही आहे.

कॉम्प्युटरसाठी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे. मायकल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी तो उभा केला. काम सुरू झालं 2006 मध्ये. कंट्रोल, ऑल्ट आणि एन एकदम दाबलं की सुरू होतो. वेबपानावर एच दाबत गेलात तर शीर्षकांवरून उड्या मारत जाता येतं. सगळं पान ऐकत बसायची गरज नाही.

कागद वाचायला सीइंग एआय आणि लुकआउट ही ॲप्स आहेत. माणसाचेच डोळे हवे असतील तर डेन्मार्कमध्ये 2015 साली सुरू झालेलं बी माय आइज: व्हिडिओ कॉलवर एखादा स्वयंसेवक तुमच्या कॅमेऱ्यातून बघून सांगतो. मोजे एकाच रंगाचे आहेत का, लिफ्टच्या पडद्यावर काय लिहिलंय, असल्या कामांना झकास. बँकेचं कार्ड, पासवर्ड, ओळखपत्र तिथे दाखवायचं नाही. औषधाची मात्रा ॲपने वाचून दाखवली तरी औषधवाल्याकडून पक्की करून घ्या. ॲप आकडा चुकीचाही वाचतं, तोही ठणठणीत आवाजात.

पुस्तकं, काठी, ब्रेल

पुस्तकांच्या बाबतीत 2013 चा मराकेश करार लक्षात ठेवा. तो 2016 मध्ये अमलात आला. त्यात सामील झालेल्या देशांत मान्यताप्राप्त संस्था प्रकाशकाची परवानगी न घेता पुस्तकाची सुलभ प्रत बनवू शकतात आणि एकमेकांच्या देशात पाठवू शकतात. बुकशेअरसारख्या ग्रंथालयांत अशी लाखो पुस्तकं आहेत. हात अधू असल्यामुळे पुस्तक धरता न येणाऱ्यांनाही हा करार लागू आहे.

पांढरी काठी शिकवणारा प्रशिक्षक वेगळा असतो, ते माझं काम नाही. पण एवढं सांगते: काठी कुणी भेट दिली म्हणून वापरायला घेऊ नका, शिका. लांबी साधारण छातीच्या हाडापर्यंत. उजवा पाय पुढे पडतो तेव्हा टोक डावीकडे, म्हणजे पुढचं पाऊल पडणार ती जागा आधीच तपासलेली असते. दुसऱ्या महायुद्धात नजर गमावलेल्या अमेरिकन सैनिकांसाठी रिचर्ड हूवर यांनी ही पद्धत बसवली. थोडं दिसत असलं तरी काठी घ्या. मी गर्दीत आणि रात्री घेते, कारण समोरच्यालाही कळतं.

ब्रेल मोठ्या वयात शिकून कादंबऱ्या वाचाच असा माझा आग्रह नाही. डब्यांवरची, फायलींवरची लेबलं वाचण्यापुरतं आलं तरी पुष्कळ.

संस्था शोधायची कशी? 1984 मध्ये स्थापन झालेल्या वर्ल्ड ब्लाइंड युनियनच्या सदस्य संघटना बहुतेक देशांत आहेत. आपल्या देशातली शोधून तिला फोन करा आणि दोन गोष्टी विचारा. घरी येऊन शिकवणारं कुणी आहे का? आणि माझ्यासारखाच आजार असलेल्या कुणाशी बोलता येईल का? दुसरा प्रश्न विचारायला माणसं संकोचतात, पण गरज त्याचीच जास्त असते.

घरच्यांसाठी थोडंसं. चालताना नजर कमी झालेल्यांना ओढू नका, त्यांची काठी तर धरूच नका. आपला दंड पुढे करा. ते कोपराच्या वर धरतील आणि अर्धं पाऊल मागून चालतील. अरुंद जागा आली की तोच हात पाठीमागे न्या, ते तुमच्या मागे येतील. बसायला सांगताना त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवा. खोलीतून जाताना "मी जातोय" असं सांगून जा, आणि दार पूर्ण उघडं ठेवा किंवा पूर्ण बंद. अर्धवट उघड्या दाराची कड थेट कपाळावर बसते.