जांभळी राहिलेली कुपी: पिअर्सिंग शिकताना मी जिथे आपटले

पिअर्सिंग शिकायचंय, सुरुवात कुठून करू असं बरेच जण विचारतात आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करून मी दमले, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी शिकायला लागले तेव्हा माझ्या दोन्ही कानांत मिळून सात, नाकात एक आणि बेंबीत एक दागिना होता आणि मला वाटायचं की निम्मं काम तर मला येतंच. काहीही येत नव्हतं. स्वतः टोचून घेणं आणि दुसऱ्याला टोचणं यात तेवढंच अंतर आहे जेवढं दाढ काढून घेण्यात आणि डेंटिस्ट होण्यात.

बेसिक गोष्टी तुम्हाला माहीत आहेत असं धरून चालते. कान टोचायची गन हातात धरायची नाही. सुरुवातीचा दागिना इम्प्लांट ग्रेडचा (शरीरात बसवायला चालेल अशा धातूचा), टायटॅनियम असेल तर एएसटीएम एफ१३६ या मानकाचा, आणि नुसतं 'सर्जिकल स्टील' लिहिलेलं असेल तर त्यावरून काहीच कळत नाही. गेजचा, म्हणजे सुईच्या आणि दागिन्याच्या जाडीचा, आकडा वाढला की जाडी कमी होते, १८ म्हणजे १ मिलिमीटर, १६ म्हणजे १.२, १४ म्हणजे १.६. यातलं काही नवीन वाटत असेल तर आधी ते पक्कं करा, मग पुढे वाचा.

पहिले सहा-सात महिने मी कुणालाच टोचलं नाही. मी घासलं. फोर्सेप्स (कातडी धरायचे चिमटे) घासले, रिसीव्हिंग ट्यूबच्या (सुईचं टोक जिच्यात शिरतं त्या नळीच्या) आतून बारीक ब्रश फिरवला, अल्ट्रासॉनिकमध्ये (ध्वनिलहरींनी मळ सोडवणाऱ्या यंत्रात) टाकलं, धुतलं, वाळवलं, पाऊचमध्ये भरलं, ऑटोक्लेव्हला (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या मशीनला) लावलं, तारीख टाकली, रजिस्टरमध्ये लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. माझ्यानंतर लागलेला एक जण तीन आठवड्यांत सोडून गेला, म्हणाला मी इथे भांडी घासायला आलो नाही. मला तेव्हा तो हुशार वाटला होता. आता वाटत नाही.

आता माझी चूक. ही जरा लांबड लावून सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

पाऊचवर जी छोटी खूण असते, जिचा रंग वाफेत बदलतो, ती एवढंच सांगते की हे पाऊच मशीनमध्ये जाऊन आलंय. आतलं सामान निर्जंतुक झालं की नाही हे ती सांगत नाही. स्क्रीनवर १२१ डिग्री दिसतंय, वेळ पूर्ण झाली, तरी एकावर एक दाबून भरलेल्या पाऊचांच्या मधे हवा अडकून राहिली असेल तर तिथे वाफ पोचतच नाही. जिथे वाफ नाही तिथे काहीच मरत नाही. म्हणून स्पोअर टेस्ट करतात. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस नावाचा एक चिवट जंतू असतो, त्याचे बीजाणू भरलेली छोटी कुपी लोडच्या, म्हणजे मशीनमध्ये एका वेळी भरलेल्या सामानाच्या, मधोमध ठेवायची, सायकल झाली की ती इन्क्युबेटरमध्ये (जंतू वाढायला ऊब देणाऱ्या डब्यात) साधारण ५५ ते ६० डिग्रीला ठेवायची आणि एक-दोन दिवसांनी बघायची. आमच्या कुप्यांमधलं पाणी जांभळं असायचं. जंतू मेले असतील तर जांभळंच राहतं, जिवंत असतील तर पिवळं होतं. म्हणजे पाऊचचा रंग बदलायला हवा आणि कुपीचा बदलायला नको. या उलट्या हिशोबातही माझा आधी घोळ झाला होता, पण खरी माती मी पुढे खाल्ली.

त्याच लॉटमधली दुसरी एक कुपी मशीनमध्ये न घालता तशीच इन्क्युबेट करायची असते. तिला कंट्रोल म्हणतात. ती पिवळी व्हायलाच हवी. ती पिवळी झाली म्हणजे कुपीतले जंतू जिवंत होते, इन्क्युबेटर गरम होता, आणि म्हणून दुसरी कुपी जांभळी राहिली याला काहीतरी अर्थ आहे. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे मेंटॉरांनी (ज्यांच्या हाताखाली मी शिकत होते त्यांनी) एकदा सांगितलं असेल, ते म्हणतात सांगितलं होतं, मला आठवत नाही आणि तो वाद अजून मिटलेला नाही. मी दर वेळी एकच कुपी लावायची, एक कुपी वाचवतेय याचा मला वर अभिमान होता. तीन महिने प्रत्येक टेस्ट पास. मी रजिस्टरमध्ये हिरव्या पेनाने बरोबरची खूण करत होते.

मग एकदा दुसऱ्या स्टुडिओतली एक सीनियर ताई काही कामाने आली होती, तिने विचारलं तुझा कंट्रोल कुठाय. मी म्हटलं लावते आता. दोन दिवसांनी बघितलं तर दोन्ही कुप्या जांभळ्या. मी खूश होऊन तिला फोटो पाठवला, दोन्ही पास! तिचा लगेच फोन आला. तिने एवढंच सांगितलं, इन्क्युबेटरला हात लावून बघ.

गार होता. दिवा लागलेला, वायर नीट, आणि आतला ठोकळा टेबलाइतका गार. तो कधी बिघडला ते आजही आम्हाला माहीत नाही.

लक्षात येतंय का काय झालं होतं ते? टेस्ट पास होत नव्हती, टेस्ट होतच नव्हती. गार डब्यात जिवंत जंतूसुद्धा वाढत नाहीत, त्यामुळे मी मशीनमध्ये न घालता कुपी ठेवली असती तरी ती जांभळीच राहिली असती आणि मी तिलाही हिरवी खूण केली असती.

दुसरा इन्क्युबेटर येईपर्यंत आणि नवीन टेस्टचा निकाल लागेपर्यंत चार दिवस काम बंद. सुया कंपनीतूनच निर्जंतुक होऊन यायच्या, पण दागिने आणि ट्यूब सगळ्या आमच्या ऑटोक्लेव्हमधून गेलेल्या. त्या चार दिवसांत मी नीट जेवले नाही. शेवटी निकाल आला, कंट्रोल पिवळाधमक, टेस्टची कुपी जांभळी, आणि मी तिथेच जमिनीवर बसून रडले. मशीन ठीक होतं. पण मागच्या तीन महिन्यांतल्या गर्दीच्या दिवसांचे काही लोड मी कोंबून भरले होते, त्यांचं काय ते आता कोण सांगणार? मी म्हटलं त्या लोकांना फोन करून सांगू, डॉक्टरांशी बोलून हिपॅटायटिस आणि एचआयव्हीची तपासणी करायची का ते ठरवू द्या त्यांना. मेंटॉर म्हणाले उगाच घबराट कशाला. आमचं कडाक्याचं भांडण झालं. शेवटी फोन मीच केले. एकूण एकोणीस. दोघांनी शिव्या दिल्या, एकीने थँक्यू म्हणून फोन ठेवला, बाकीचे गप्पच झाले, आणि ते गप्प होणं शिव्यांपेक्षा वाईट होतं.

म्हणून दोन कुप्या. नेहमी. आणि दोन्ही एकाच लॉटच्या.

हे वाचून घाबरून पळू नका प्लीज. हात थरथरणं, पहिल्या लोबच्या (कानाच्या पाळीच्या) वेळी घाम फुटणं, खूण करताना चौथ्यांदा पुसून परत काढणं हे सगळं होतं आणि जातं. खूण पन्नास वेळा पुसा, समोरच्याला उलट बरं वाटतं. बेंबीची खूण मात्र माणूस उभा असताना काढा आणि मग त्याला बसवून बघा, बसल्यावर बेंबी मिटत असेल तर नेहमीचा दागिना तिथे सुखाने राहणार नाही. नाही म्हणायला शिका, ते सुईपेक्षा अवघड आहे. आणि सूज उतरल्यावर सुरुवातीचा लांब बार (दागिन्याची दांडी) बदलून आखूड घालायला बोलवा. कार्टिलेजवर (कानाच्या वरच्या कडक भागावर) उठलेल्या निम्म्या गाठी लांब बार हलून हलून झालेल्या असतात आणि लोक त्यांना सरसकट केलॉइड (जखमेच्या बाहेर वाढत जाणारा व्रण) म्हणत बसतात, हे माझं मत आहे पण मी त्यावर ठाम आहे.

शॉर्टकटबद्दल माझं मत वाईट आहे. दोन दिवसांचा कोर्स करून सर्टिफिकेट भिंतीवर लावणाऱ्यांकडे मी माझ्या शत्रूचा कानही देणार नाही. काही जण म्हणतात जुन्या लोकांना तरी कोणी शिकवलं होतं. खरंय, जिम वॉर्ड या अमेरिकन पिअर्सरने १९७५ मध्ये लॉस एंजेलिसला गॉन्टलेट हा पिअर्सिंगचा व्यवसाय सुरू केला तेव्हा शिकायला जागाच नव्हती, करून बघूनच कळायचं. पण त्या पिढीने चुका करून काढलेले नियम आज आयते मिळतायत तर त्याच चुका परत कुणाच्या तरी कानावर कशाला करायच्या? मेंटॉर निवडताना त्याचे फोटो नंतर बघा, आधी स्पोअर टेस्टचं रजिस्टर मागा. जो "का" विचारल्यावर चिडतो त्याच्याकडे राहू नका. मी राहिले, अडीच वर्षं राहिले, आणि हातांचं कसब त्यांच्याकडूनच शिकले हेही खरं, त्यामुळे या बाबतीत माझं फार ऐकू नका.

आणि या जगातल्या लोकांना दिसण्यावरून तोलू नका. सगळ्यात काटेकोर स्वच्छता मी कुठे बघितली असेल तर सस्पेन्शन करणाऱ्यांकडे, म्हणजे पाठीत हुक घालून लटकतात ते. एका कार्यक्रमात मला हुक काढल्यावर पाठीतली हवा काढायचं काम दिलं होतं. कातडीखाली हवा शिरते, हात ठेवला की बारीक चुरचुर लागते, मग तळव्याने हळूहळू भोकाकडे ढकलत न्यायची, ती फुस्स करून बाहेर येते आणि लटकून आलेला माणूस खदाखदा हसतो. चार वेळा ग्लोव्ह्ज बदलायला लावले मला, त्यातला एकदा तर फक्त मी नाक खाजवलं म्हणून. चेहराभर टॅटू असलेल्या त्या दादाने जितक्या शांतपणे "बदल" म्हटलं तितकं शांत मला अजून जमत नाही.

राहिली एक गोष्ट, हिपॅटायटिस बीची लस. नेहमीच्या पद्धतीत तीन डोस असतात, दुसरा एक महिन्याने आणि तिसरा सहा महिन्यांनी, आणि नंतर महिना-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तयार झाल्या का याची रक्ततपासणी करून घ्या. पहिला डोस याच आठवड्यात घेऊन टाका. वापरलेल्या ट्यूब पहिल्या दिवसापासून तुमच्याच हातात येणार आहेत, आणि तिसऱ्या डोसपर्यंत तुम्ही बहुतेक ब्रशच फिरवत असणार.