जपानची सुपर जीटी शर्यत प्रत्यक्ष पाहायची तर

सुपर जीटी पाहायला जाणाऱ्याने एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी, ती म्हणजे त्या दिवशी एकाच ट्रॅकवर, एकाच वेळी, दोन शर्यती चालू असतात. जीटी500 या वरच्या गटात टोयोटा, निस्सान आणि होंडा या तीनच कंपन्यांच्या मिळून पंधराएक गाड्या असतात. त्या दिसायला शोरूममधल्या गाड्यांसारख्या असल्या तरी आतून निव्वळ शर्यतीसाठी बांधलेल्या असतात. जीटी300 गटात फेरारी, लॅम्बोर्गिनी, मर्सिडीज यांच्यापासून सुबारूच्या बीआरझेडपर्यंत नाना तऱ्हेच्या वीसहून अधिक गाड्या उतरतात. शर्यत सुरू होऊन थोड्या फेऱ्या झाल्या की वेगवान गट मागून येऊन संथ गटाला गाठतो आणि तिथून शेवटपर्यंत वाट काढण्याची जी झुंबड चालते, तीच या शर्यतीची खरी करमणूक आहे. तिकीट, जागा, दिवस हे सारे याच हिशेबाने ठरवावे.

1993 साली अखिल जपान ग्रँड टूरिंग कार अजिंक्यपद म्हणून सुरू झालेली आणि 2005पासून सुपर जीटी या नावाने ओळखली जाणारी ही मालिका साधारण एप्रिल ते नोव्हेंबर चालते. ओकायामा, फुजी, सुझुका, सुगो, ऑटोपोलिस आणि मोतेगी हे तिचे नेहमीचे ट्रॅक. पहिल्यांदा जाणाऱ्याने फुजी स्पीडवे निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ओकायामा आणि ऑटोपोलिस येथे स्वतःची गाडी नसेल तर पोहोचणे जिकिरीचे होते. सुझुका ट्रॅक म्हणून उत्कृष्ट आहे आणि नागोयाहून सोयीचाही आहे, पण टोकियोत उतरलेल्या किंवा तिथेच राहणाऱ्या मराठी माणसाला फुजीच जवळ पडते. टोकियोतल्या शिंजुकू स्थानकाहून ट्रॅकजवळच्या गोतेम्बा गावाला ओदाक्यू कंपनीची थेट रेल्वेगाडी आणि महामार्गावरच्या बसही जातात, तसेच शर्यतीच्या दिवसांत गोतेम्बा स्थानकापासून ट्रॅकपर्यंत बसची सोय असते. मे महिन्याच्या आरंभी, जपानी लोकांच्या सलग सुट्ट्यांत होणारी फुजीची फेरी, म्हणजे मालिकेतली तिथली शर्यत, वर्षातल्या सर्वाधिक गर्दीच्या फेऱ्यांपैकी एक असते, त्यामुळे गोतेम्बातली हॉटेले फार आधी भरतात आणि तोमेई महामार्ग तुंबतो. भाड्याने गाडी घेऊन जाणार असाल, तर पार्किंगचे तिकीट वेगळे आणि आगाऊ काढावे लागते, हे विसरू नये.

प्रवेशाचे तिकीट सहसा आगाऊ घेतलेलेच स्वस्त पडते. ते ट्रॅकच्या संकेतस्थळावर किंवा जपानमधल्या कोपऱ्याकोपऱ्यावरच्या चोवीस तास चालणाऱ्या दुकानांतील यंत्रांवर मिळते. यंत्रावर जपानीच वाचावे लागण्याची शक्यता असल्याने दुकानातल्या माणसाची मदत मागण्यात संकोच करू नये. राखीव जागा, पिट वॉक (संघांच्या गॅरेजांपुढे फिरण्याची मुभा) आणि पॅडॉकचा (गॅरेजांमागच्या आवाराचा) पास यांचे पैसे निराळे असतात. त्यांपैकी पिट वॉकला पैसे घालावेत. गॅरेजसमोर उभे राहून गाडी हाताच्या अंतरावरून पाहता येते, चालक सह्या देतात, आणि रेस क्वीन म्हणजे संघांच्या प्रचारक मॉडेलभोवती मोठमोठ्या लेन्स घेतलेल्या मंडळींची जी शिस्तबद्ध रांग लागते, तीही पाहण्यासारखी असते. लहान मुले बरोबर असतील तर शनिवारी संध्याकाळी मुलांसाठी असणाऱ्या खास पिट वॉकची वेळ आधीच बघून ठेवावी.

शनिवार चुकवू नये. त्या दिवशी सराव आणि पात्रता फेरी असते, गर्दी कमी असते आणि साऱ्या ट्रॅकभोवती फिरून रविवारची जागा निश्चित करता येते. फुजीची सरळ पट्टी सुमारे दीड किलोमीटर लांब आहे. तिच्या टोकाला, पहिल्या वळणाआधी, जीटी500च्या गाड्या ताशी 300 किलोमीटरच्या आसपासच्या वेगावरून एकदम ब्रेक लावतात. वेग तिथे पाहावा. पण दोन गटांची सरमिसळ पाहायची तर उत्तरार्धातील चढावरची संथ वळणे गाठावीत, कारण तिथे रस्ता अपुरा पडतो आणि कोणी कोणाला जागा द्यायची याचा निकाल क्षणात लागतो. गाडी कोणत्या गटातली हे लांबून ओळखायचे असेल, तर पुढचे दिवे बघावेत: जीटी500चे पांढरे, जीटी300चे पिवळे.

शर्यत मध्यावर येत असताना मात्र मुख्य स्टँडमध्ये असावे. प्रत्येक गाडीला किमान दोन चालक असतात. गाडी पिटमध्ये थांबताच दार उघडते, एक जण उतरतो, दुसरा आत सरकतो, आणि दरम्यान इंधन भरले जात असते. इंधनाची नळी निघेपर्यंत टायरला हात लावायचा नाही, असा नियम असल्याने टायरवाले खाली वाकून वाट पाहत असतात. चारऐवजी दोनच टायर बदलून एखादा संघ काही सेकंद वाचवतो आणि पुढे वीस फेऱ्या त्याची किंमत मोजतो. हे डाव समजले की शर्यत कंटाळवाणी वाटत नाही.

जाण्यापूर्वी गुणतक्ताही पाहून ठेवावा. मिळवलेल्या गुणांच्या प्रमाणात पुढच्या शर्यतीत गाडीवर जादा भार चढतो, म्हणून मागच्या फेरीचा विजेता या वेळी मागे रेंगाळताना दिसला तर नवल मानू नये. मोसमाच्या अखेरच्या फेरीत हा भार उतरवलेला असतो.

भारतीय प्रेक्षकाला ठाऊक असावी अशी एक गोष्ट सांगतो: भारताचे पहिले फॉर्म्युला वन चालक नारायण कार्तिकेयन 2019 साली होंडाच्या गाडीतून जीटी500मध्ये उतरले होते, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुजीवरच जर्मनीच्या डीटीएम या मोटार-शर्यत मालिकेबरोबर झालेल्या संयुक्त शर्यतींपैकी दुसरी त्यांनी जिंकली.

फुजीची हवा भरवशाची नाही. सकाळी फुजी पर्वत लख्ख दिसतो आणि दुपारी धुके उतरते. छत्रीमुळे मागच्यांना दिसत नाही, म्हणून रेनकोट न्यावा. कानांसाठी इअरप्लग आणि डोक्याला टोपी हवीच. शाकाहारी माणसाने तिथल्या खाद्यपदार्थांच्या गाड्यांवर विसंबू नये. बिनमांसाच्या दिसणाऱ्या नूडल्सच्या रश्श्यातही बहुधा माशाचा अर्क असतो, तेव्हा डबा बरोबर ठेवणे उत्तम. कचरा स्वतःच्या पिशवीत भरून परत न्यावा. आणि परतीच्या बसची रांग शर्यत संपल्याचा झेंडा पडताच वाढत जाते. घाई नसेल तर तासभर तिथेच थांबून मग निघावे, घाई असेल तर बक्षीस समारंभावर पाणी सोडावे.