फवारणीचा ड्रोन आणि बांधावरची गर्दी

मी बचत गटाची ड्रोन दीदी, म्हणजे शेतात फवारणीचा ड्रोन उडवणारी बाई. ड्रोन शेतात नेला की माझा अर्धा जीव बांधावर जमलेल्या माणसांत अडकलेला असतो. कॅमेऱ्याला सगळे घाबरतात, गरगरणाऱ्या पात्यांजवळ मात्र बिनधास्त येतात.

कॅमेऱ्याची धास्ती उगाच नाही. 2024 च्या पावसाळ्यात आमच्या मराठवाड्यात रात्री ड्रोन घिरट्या घालतात, चोर टेहळणी करतात, म्हणून लोक काठ्या घेऊन जागत होते. तुम्हीही ड्रोन उडवणार असाल तर फवारणीच्या आदल्या संध्याकाळीच पोलीस पाटलांना सांगा आणि गावाच्या ग्रुपवर गट नंबर, वेळ, औषधाचं नाव टाका. शेजारच्या शेतकऱ्याला मात्र स्वतः भेटा. सकाळी रिमोटची स्क्रीन बायकांपुढे धरा, "काकू, बघा काय दिसतंय." नुसतं सोयाबीन दिसलं की निम्मी कुजबुज तिथंच थांबते.

मग बॅटरी काढलेली असताना पात्याच्या कडेवरून बोट फिरवू द्या. 10 लिटरची टाकी भरली की सगळं धूड 25 किलोच्या घरात जातं, हेही सांगा. बाभळीपासून मोटरसायकलपर्यंत दोरी बांधा. शूटिंग करणाऱ्या पोरांना हटकून उपयोग नसतो, त्यांनाच दोरी सांभाळायला लावा. सोबतच्या बाईकडे एकच काम द्या: नजर माणसांवर. ती "थांब" म्हणाली की ड्रोन जागीच थांबवायचा, का ते नंतर विचारायचं.

सगळ्यात धोक्याची वेळ उतरण्याची. एकरभर फवारून आठ-दहा मिनिटांत ड्रोन खाली येतो, काम संपलं असं वाटून पोरं धावत सुटतात, आणि पाती अजून फिरतच असतात. आधीच बजावून ठेवा: माझा हात वर गेल्याशिवाय दोरी ओलांडायची नाही.

औषधाचं भान त्याहून कमी. चिमूटभर माती उधळून वारा बघा. खुरपणीच्या बायकांना, त्यांच्या भाकरीच्या गाठोड्यांसकट, वारा येतो त्या बाजूला लांब बसवा. शेजारी तुती असेल तर जास्तच जपा. तुषार पानांवर गेले तर रेशीम अळ्यांची अख्खी बॅच जाते. वारा वाढला तर सरळ घरी जा.

शेजारी नकोच म्हणाला तर त्याच्या बांधालगतची चार-पाच तासं, म्हणजे पिकाच्या ओळी, सोडा, ती पाठीवरच्या पंपानं मारायची. पैसे ठरवतानाच हे शेतकऱ्याच्या कानावर घालून ठेवा.