मुंबईच्या टी२ (टर्मिनल २) वरून परदेशी जाताय? इमिग्रेशनच्या ई-गेटचा फॉर्म आधीच भरून ठेवा

अमेरिकेत ग्लोबल एंट्री असतं ना, आधी नोंदणी केलेल्यांना इमिग्रेशनच्या मोठ्या रांगेत न थांबता मशीनवरून पुढे जायची सोय, तसलाच प्रकार आता आपल्याकडे पण आहे, नाव मात्र सरकारी थाटाचं, फास्ट ट्रॅक इमिग्रेशन - ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्राम. जून २०२४ मध्ये दिल्लीत चालू झाला आणि जानेवारी २०२५ पासून मुंबईत टी२ ला आलाय. भारतीय पासपोर्ट किंवा ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असेल तर करता येतं. फी काही नाही, त्यामुळे कोणी एजंट ‘करून देतो’ म्हणून पैसे मागायला लागला तर त्याला तिथूनच नमस्कार करा.

सगळ्यात आधी पासपोर्टची तारीख बघा. निदान सहा महिने तरी शिल्लक पाहिजेत, आणि रजिस्ट्रेशन पाच वर्षं किंवा पासपोर्ट संपेपर्यंत, जे आधी होईल तेवढंच चालतं, म्हणजे पासपोर्ट वर्षभरात संपणार असेल तर माझ्या मते आधी तो रिन्यू करा आणि मग याच्या मागे लागा.

फॉर्म एफटीआयटीटीपी डॉट एमएचए डॉट गव्ह डॉट इन वर आहे. मोबाईल आणि ईमेलवर ओटीपी येतो, फोटो आणि पासपोर्टच्या पानांचे स्कॅन अपलोड करायचे. पासपोर्टच्या पानाचा फ्लॅशचा पांढरा डाग पडलेला स्कॅन चढवू नका, पानाच्या खालच्या दोन ओळी आणि नंबर नीट वाचता आले पाहिजेत. आणि नाव! आपल्याकडे बऱ्याच जणांच्या पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये स्वतःचं आणि वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं आणि सरनेममध्ये नुसतं आडनाव, तर पासपोर्टवर जसं आहे तस्संच टाका, बँकेत काय आहे, आधारवर काय आहे ते इथे विसरा.

अर्जाची तपासणी झाली की बायोमेट्रिक्ससाठी मेसेज येतो. बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो, एअरपोर्टला किंवा एफआरआरओ (परदेशी नागरिकांची नोंदणी करणारं सरकारी ऑफिस) मध्ये. आईबाबांचं करत असाल तर एक सांगते, आयुष्यभर भांडी-धुणी करून बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या असतात, आधारच्या वेळी मशीनने दमवलं असेल तर आधीचे काही दिवस रात्री हाताला व्हॅसलीन चोळायला सांगा, आणि फ्लाइटच्या दिवसावर हे काम ढकलू नका.

प्रवासाच्या दिवशी बोर्डिंग पास घेतला की ई-गेटला जायचं, पासपोर्ट आणि बोर्डिंग पास स्कॅन, पहिलं गेट उघडतं, आत चेहरा मॅच झाला की दुसरं. टोपी, मास्क, गॉगल काढूनच उभे राहा.

आता बऱ्याच जणांचा गोंधळ होतो तो इथे. हे फक्त इमिग्रेशनपुरतं आहे हो, सिक्युरिटी चेक तसाच होणार, लॅपटॉप ट्रेमध्ये, सीआयएसएफवाले नेहमीसारखं तपासणार. चेहरा दाखवून एअरपोर्टच्या आत सोडणारं डिजीयात्रा ॲप पण वेगळं, ते आधारवर चालतं आणि देशातल्या फ्लाइटला, दुबईला जाताना ते उघडून काही उपयोग नाही. सिक्युरिटीला वेळ वाचवायचा तर बॅग घरीच नीट भरा, पॉवरबँक हातातल्या बॅगेतच, आणि लेकीसाठी घेतलेलं साजूक तूप, लोणचं चेक-इनमध्ये, कारण इंटरनॅशनलला १०० एमएलच्या वरची बाटली हातातून नेऊ देत नाहीत.

परत येताना अरायव्हललाही हीच ई-गेटं वापरता येतात.