पॉइंट टू-टू रायफलची काडतुसे: प्रकार आणि किमती यांची तुलना कशी करावी

किमतीचे आकडे मांडण्याआधी आपल्या रायफलीच्या नळीवर कोरलेले कॅलिबर, म्हणजे काडतुसाचे माप व नाव, नीट वाचावे, कारण ‘पॉइंट टू-टू’ (०.२२ इंच) या एका नावाखाली एकमेकांच्या जागी न चालणारी काडतुसे विकली जातात. त्यांतले सर्वाधिक खपाचे म्हणजे १८८७ मध्ये आलेले पॉइंट टू-टू लाँग रायफल. पॉइंट टू-टू मॅग्नम हे त्याचे थोरले भावंड दिसत असले, तरी त्याची पुंगळी, म्हणजे काडतुसाचे धातूचे आवरण, जाड आणि लांब असते. मॅग्नमच्या चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसते त्या जागेत) लाँग रायफलचे काडतूस सैल बसते आणि उडवल्यास पुंगळी फाटू शकते. पुढील विवेचन लाँग रायफलपुरतेच आहे.

कॅलिबर पक्के झाले की आपले काम ठरवावे, कारण वेगवेगळ्या कामांच्या काडतुसांच्या किमती शेजारीशेजारी ठेवण्यात काहीच अर्थ नसतो. कागदी लक्ष्यावरच्या अचूक नेमबाजीसाठी स्टँडर्ड व्हेलॉसिटी हा प्रकार घ्यावा: ४० ग्रेन, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम वजनाची गोल नाकाची शिशाची गोळी आणि सेकंदाला साधारण ३२० ते ३३० मीटर वेग. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असल्यामुळे ही गोळी पहिल्यापासून त्याच्या खालीच राहते. हाय व्हेलॉसिटी प्रकारातली, बहुधा तांब्याचा पातळ मुलामा दिलेली गोळी ३७० ते ३९० मीटर वेगाने निघते, पण वाटेत ध्वनीच्या वेगाखाली उतरताना तिचा तोल थोडा ढळतो, आणि लांबच्या लक्ष्यावर त्याचा परिणाम दिसतो. मग हा प्रकार घ्यावाच कशाला? अनेक सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे दर गोळीनंतर पुढचे काडतूस आपोआप भरणाऱ्या, रायफलींची यंत्रणा कमी वेगाच्या काडतुसांवर अडखळते, म्हणून. शिवाय ३६ ग्रेनच्या पोकळ टोकाच्या गोळ्यांचे मोठे डबे याच प्रकारात स्वस्त मिळतात आणि रिकामे डबे, लोखंडी पाट्या पाडण्याच्या सरावाला त्या गोळ्या पुरेशा असतात.

आता किंमत. पेटीत सहसा ५० काडतुसे असतात, अशा दहा पेट्यांचा गठ्ठा ५०० चा होतो, आणि मोठ्या डब्यांत ३३३, ५२५ किंवा ५५५ असे चमत्कारिक आकडे दिसतात. त्यामुळे पेटीची किंमत पाहून काहीच कळत नाही. कर आणि वाहतूक धरून होणारी एकूण रक्कम काडतुसांच्या संख्येने भागावी आणि येणारा प्रतिकाडतूस दर लिहून ठेवावा. परवान्यावर खरेदीची मर्यादा असेल तर ‘जास्त घ्या, स्वस्त घ्या’ हा हिशेब आपोआप आखडतो. पुंगळी पुन्हा भरून वापरण्याची सोय या काडतुसात व्यवहारात नाही, म्हणून रिकाम्या पुंगळीचे मोल वजा करण्याचा प्रश्नच येत नाही.

महाग काडतुसात पैसे नेमके कशाचे मोजले जातात, हे एक काडतूस हातात घेतल्यावर समजते. पेटवणारे मिश्रण पुंगळीच्या बुडाच्या पोकळ कडेत भरलेले असते आणि फायरिंग पिन (घोडा दाबल्यावर पुढे येणारी टोकदार सळई) त्या कडेवरच आपटते. हे मिश्रण कडेभर सारखे पसरले नाही, तर काडतूस उडत नाही किंवा दर वेळी वेगळ्या वेगाने उडते. गोळीवरचा मेणकट लेप बोटाला सारखा लागतो का, गोळी पुंगळीत सरळ बसली आहे का, हेही पाहावे. एली टेनेक्स किंवा लापुआ मिडास प्लस यांसारख्या स्पर्धेच्या काडतुसांची किंमत या एकसारखेपणासाठी असते. काही कारखान्यांत एकाच यंत्रावरून निघालेला माल चाचणीनंतर वेगवेगळ्या श्रेणींत विभागला जातो, त्यामुळे मधल्या श्रेणीतला एखादा लॉट (एका खेपेत बनलेला माल) तुमच्या नळीला वरच्या श्रेणीपेक्षा अधिक मानवणे अगदी शक्य आहे. माझ्या मते तुलना सुरू करावी ती याच मधल्या श्रेणीपासून.

यानंतर दोन-तीन प्रकारांची एकेक पेटी आणून ५० मीटरवर, रायफल टेकवून चाचणी घ्यावी. प्रत्येक उत्पादकाचा लेप वेगळा असतो आणि नळीत आधीचा लेप उरलेला असतो, म्हणून काडतूस बदलल्यावर पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजू नयेत. त्यानंतर पाच-पाच गोळ्यांचे किमान चार गट, म्हणजे एकाच बिंदूवर नेम धरून मारलेल्या गोळ्यांच्या छिद्रांचे पुंजके, मारावेत. तीन गोळ्यांचा एखादा देखणा गट सहज फसवतो. गटातील सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर मोजून त्यातून गोळीचा व्यास, सुमारे ५.६ मिलिमीटर, वजा करावा आणि चारही गटांची सरासरी काढावी. आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या ५० मीटर लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, हा मापदंड नजरेसमोर असू द्यावा.

न उडालेली काडतुसेही मोजावीत. अशा वेळी नळी लक्ष्याकडेच रोखून किमान ३० सेकंद थांबावे, मगच बोल्ट (नळीची मागची बाजू बंद करणारा भाग) उघडावा. समजा, ५०० पैकी १० काडतुसे फुकट गेली, तर एकूण रक्कम ४९० ने भागावी. खरा दर तो.

पसंत पडलेल्या पेटीवरचा लॉट क्रमांक टिपून त्याच लॉटची काडतुसे एकदम घ्यावीत, कारण नाव तेच असले तरी लॉट बदलला की गट बदलू शकतो. ती कोरड्या, थंड जागी कुलुपात ठेवावीत, आणि जुन्या लॉटची एखादी पेटी शिल्लक असतानाच नवा लॉट तपासावा, म्हणजे एकाच दिवशी, एकाच हवेत दोन्हींचे गट मोजता येतात.