दशांशाचं 'इंट' करताना पैसा गळतो कुठे? या चुका टाळा

"अहो, आज परत सात पैसे कमी आलेत." हिशेब बघणाऱ्या ताई आठवडाभर रोज संध्याकाळी हेच सांगत होत्या. रक्कम हसण्यावारी नेण्यासारखी, पण ताळा जुळत नाही म्हटल्यावर त्यांना चैन पडेना. शेवटी माझ्या लक्षात आलं की त्या दिवशी नवे सदस्यही सातच झाले होते. म्हणजे माणशी एक पैसा.

सदस्यत्वाची किंमत १९.९९ रुपये होती. पेमेंट गेटवेला रक्कम पैशांत आणि पूर्णांकात द्यावी लागते, म्हणून मी १९.९९ ला १०० ने गुणून सरळ 'इंट' (संख्येचा पूर्णांक करणारी आज्ञा) केलं होतं. जायला हवे होते १९९९ पैसे, जात होते १९९८. गुणाकाराचं उत्तर छापून बघितलं तर पडद्यावर आलं १९९८.९९९९९९९९९९९९८. 'इंट'ने त्यातला दशांश बिंदूनंतरचा सगळा भाग कापून टाकला होता. त्याचं कामच ते, तो जवळची संख्या शोधायला जात नाही.

१/३ हा अपूर्णांक आपल्याला दशांशात पुरता लिहिता येत नाही, कितीही ३ लिहिले तरी काहीतरी उरतंच. संगणकाची १९.९९ बाबत हीच अडचण होते, कारण 'फ्लोट' आणि 'डबल' हे दशांश संख्यांचे प्रकार बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, साठवले जातात. तिथे १९.९९ ची जी जवळात जवळची संख्या आहे ती केसभर कमी आहे. २.३० आणि १.१५ ची गतही तीच: १०० ने गुणून 'इंट' केलं की २२९ आणि ११४. पण १९.५० बिनचूक येतं. म्हणूनच ही चूक चाचणीत सापडत नाही, चाचणी करताना आपण सगळेच १०० रुपये नाहीतर ४९.५० टाकतो.

तातडीचा उपाय म्हणजे आधी 'राउंड' (जवळच्या पूर्णांकाकडे नेणं) आणि मग 'इंट'. पैशांचा मामला असेल तर मात्र फ्लोटच्या वाटेलाच जाऊ नका. डेटाबेसमध्ये रक्कम पैशांत पूर्णांक म्हणून ठेवा, नाहीतर दशांश जसाच्या तसा ठेवणारा 'डेसिमल' प्रकार वापरा. त्यातही पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत एक गंमत आहे. डेसिमलला १९.९९ हा फ्लोट दिला तर बिघडलेली संख्याच आत जाते, अवतरणचिन्हांत मजकूर म्हणून दिला तरच खरी १९.९९ मिळते.

'राउंड' केलं म्हणजे झालं?

नाही. पायथॉन ३ मध्ये २.५ राउंड करा, उत्तर २ येतं. ३.५ चं ४ येतं. बरोबर अर्ध्यावर असलेली संख्या जवळच्या सम संख्येकडे न्यायची, अशी ही पद्धत आहे. हजारो आकड्यांची बेरीज करताना ती चांगली, कारण चूक एकाच बाजूला साचत नाही. शाळेत आपण शिकलो ती रीत मात्र वेगळी, आणि कायद्याचीही वेगळी. केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १७० सांगतं की कराची रक्कम जवळच्या रुपयात घ्या. ५० पैसे किंवा जास्त असतील तर पुढचा रुपया, कमी असतील तर सोडून द्या. कर २.५० आला तर कायद्याने ३, पायथॉनच्या राउंडने २. इथे डेसिमल वापरून 'राउंड हाफ अप' ही पद्धत स्वतः सांगावी लागते.

सी शार्पमध्ये तर एकाच भाषेत दोन तऱ्हा आहेत. कंसात 'इंट' लिहून २.७ बदललं तर २ मिळतं, 'कन्व्हर्ट' वर्गातून बदललं तर ३. डेटाबेसही एकमताचे नाहीत: २.७ पूर्णांकात बदलायला सांगितलं की एसक्यूएल सर्व्हर २ देतो, पोस्टग्रेस ३. एकीकडची क्वेरी दुसरीकडे नेताना एररही येत नाही, अहवालातले आकडे तेवढे बदलतात.

ऋण संख्यांची गोची

-३.७ चं 'इंट' -३ आणि 'फ्लोअर' -४. 'इंट' शून्याकडे सरकतो, फ्लोअर नेहमी खाली. धन संख्यांवर दोन्हींचं उत्तर सारखंच येतं, म्हणून फरक कळत नाही. तापमानाच्या नोंदी एकेक अंशाच्या गटात टाकताना 'इंट' वापरलात तर -०.९ पासून ०.९ पर्यंतचं सगळं शून्याच्या गटात जाऊन बसतं, तो गट इतरांच्या दुप्पट रुंद होतो आणि आलेखात नसलेलं शिखर दिसायला लागतं. ०.५ मिळवून 'इंट' करायची जुनी युक्तीही इथे तोंडावर पडते: -२.७ चं -३ व्हायला हवं, होतं -२.

मजकुरातून येणारे आकडे

फॉर्ममधून आलेली किंमत संख्या नसते, मजकूर असतो. "१२.५०" हा मजकूर पायथॉनच्या 'इंट'ला किंवा जावाच्या 'पार्सइंट'ला (मजकुराचा पूर्णांक करणारी आज्ञा) दिला तर ते एरर देतात. देऊ देत, निदान कळतं तरी. जावास्क्रिप्टचा 'पार्सइंट' मात्र पहिला अनोळखी वर्ण दिसेपर्यंत वाचतो आणि तिथेच गप्प थांबतो. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम देऊन लिहिलेले सव्वा लाख, म्हणजे १,२५,०००, त्याला इंग्रजी अंकांत द्या. उत्तर येतं १. आणि अंकच देवनागरी असतील तर? पायथॉनचा 'इंट' ते बिनतक्रार वाचतो, जावास्क्रिप्ट 'नॅन', म्हणजे 'ही संख्या नाही', म्हणून हात वर करतं. मराठी कळफलक वापरणारे लोक तुमच्या फॉर्मवर येणार असतील तर हे आजच तपासा.

पायथॉनच्या पांडाज या तक्ते हाताळणाऱ्या साधनात स्तंभातली एक जागा जरी रिकामी असली तरी पूर्णांकांचा अख्खा स्तंभ फ्लोट होतो, आणि पिनकोड ४११०३० चा ४११०३०.० होऊन पत्त्यावर छापला जातो. थेट 'इंट' करायला गेलात तर रिकाम्या जागेपाशी एरर. तिथे रिकामी जागा चालवून घेणारा 'इंट६४' हा पूर्णांक प्रकार वापरा, त्याच्या इंग्रजी नावातला 'आय' मोठ्या लिपीतला (कॅपिटल) असतो.

संख्या मावते का?

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून एरियान ५ रॉकेट पहिल्यांदा उडालं आणि चाळीसेक सेकंदांत संपलं. आडव्या वेगाशी निगडित असलेली एक ६४ बिटांची फ्लोटिंग संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बदलली जात होती. त्यात जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात, आलेली संख्या त्याहून मोठी निघाली. मूळ कोड एरियान ४ चा. त्या रॉकेटच्या मार्गावर ही संख्या कधी एवढी वाढतच नव्हती. राखीव यंत्रणेतही तोच कोड असल्यामुळे तीही त्याच कारणाने बंद पडली.

आपल्या कोडने रॉकेट पडत नाही. तरी जावात ४०००० हा डबल 'शॉर्ट' (१६ बिटांचा पूर्णांक) केला की -२५५३६ होतो, आणि सीमध्ये न मावणारी संख्या बदलली तर काय मिळेल याची भाषा हमीच देत नाही. म्हणून बदलण्याआधी हद्द तपासा, नंतर तपासून उपयोग नाही.

छोटी कापाकापी किती साचते हे व्हँकुव्हरच्या शेअर बाजाराने पाहिलं. १९८२ मध्ये तिथला निर्देशांक १००० वर सुरू झाला. प्रत्येक नव्या गणितात तिसऱ्या दशांश स्थळानंतरचे अंक राउंड न करता कापले जात. नोव्हेंबर १९८३ मध्ये तो ५२४ च्या आसपास आला होता. नीट मोजल्यावर निघाला जवळपास १०९९.

आमच्याकडे 'राउंड' घातल्यावर दुसऱ्या दिवशीपासून ताळा जुळला. मागचा फरक निघाला ६ रुपये ४३ पैसे, म्हणजे ६४३ सदस्य. ताईंनी तो 'राउंड ऑफ' खात्यात टाकला आणि शेऱ्यात माझं नाव लिहिलं.